‘फक्त’च्या खालची ओळ

मी दातांची डॉक्टर आहे म्हटलं की माणसं हमखास विचारतात, "दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालायचा, किळस नाही येत?" नाही येत. पू, रक्त, दाढेत अडकून कुजलेलं मटण, सिगरेटचं काळं कीट, हे सगळं बघून मी हात धुऊन शांतपणे डबा खाल्लेला आहे. किळस मला एकदाच आली. ज्याची आली त्याचे दात पांढरेशुभ्र होते, नखं नीट कापलेली होती आणि अंगाला भारीतल्या साबणाचा वास येत होता. तो माझा बॉस होता.

त्याचं क्लिनिक आयर्लंडच्या मीथ परगण्यातल्या एका छोट्या गावात. आम्ही राहतो डब्लिनच्या कडेला ओंगारला, नवरा ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणून दोघांच्या वाटेवरची नोकरी मी धरली. इथल्या परीक्षा देऊन, ढीगभर कागद रंगवून मला कामाची परवानगी मिळाली होती. कुणीतरी खुर्ची, दिवा आणि ड्रिल हातात देतंय म्हटल्यावर मी फार चौकशी केली नाही. पहिल्या दिवशी त्याने मला किचनमध्ये नेलं, स्वतः चहा करून दिला आणि म्हणाला, "कार्डवाले सगळे तुझे." बोलण्याचा थाट असा, की जणू बागायती जमीनच माझ्या नावावर करत होता.

कार्डवाले म्हणजे ज्यांच्याकडे मेडिकल कार्ड आहे ती माणसं. कुणाची कमाई कमी, कुणाचं वय झालेलं, कुणाचं जुनाट दुखणं. त्यांच्या उपचारांचा खर्च सरकार करतं. सरकार तो रडतखडत करतं, म्हणून कितीतरी डेंटिस्ट आता कार्डवाल्यांना दारातही उभं करत नाहीत. आमच्या बॉसने दार उघडं ठेवलं होतं, पण स्वतः तो त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही. दात पांढरे करून घ्यायला आणि स्क्रूचे दात बसवायला येणारी मंडळी त्याची, सुजलेले गाल माझे. वेटिंग रूममध्येही त्याने काही न बोलता फाळणी करून टाकली होती. खाजगी पेशंट खिडकीजवळच्या सोफ्यावर, कार्डवाले टॉयलेटच्या दाराशी मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. कुठेही पाटी नव्हती. सगळ्यांना कळायचं.

आमच्याकडे कार्डवाल्यांच्या औषधांसाठी वेगळं प्रिस्क्रिप्शन पॅड असायचं. ते सरकारकडून येतं, पानांवर नंबर असतात, वर डॉक्टरचं नाव छापलेलं असतं. त्याचे नियम कडक. पॅड कुलपात ठेवायचं, टेबलावर टाकून बाहेर जायचं नाही, कोऱ्या पानावर सही करून ठेवायची नाही. एकाच्या पॅडवर दुसऱ्याने लिहायचं नाही. काही बदललं तर बदलणाऱ्याने शेजारी आपली सही करायची, आणि शेवटच्या औषधाखाली जागा उरली तर ती बंद करून टाकायची. मी हे सगळं चार वेळा वाचलं होतं, कारण पॅड माझ्या नावाचं होतं आणि त्यातल्या प्रत्येक पानाला मी जबाबदार होते. त्या नियमांतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य डॉक्टरला उद्देशून आहे. बॉसने मात्र त्यातून एकच अर्थ काढला होता. "पॅड प्रेसमध्ये लॉक कर," तो सांगायचा, "कार्डवाल्यांच्या हाताला चिकट असतं." इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी कुलूप लावायचे, पण त्याच्या त्या वाक्याने दर वेळी डोक्यात तिडीक जायची.

आता उरलेल्या जागेबद्दल. लोक तिथे तिरपी रेघ मारतात. मला ते पुरेसं वाटेना. माझे बाबा जिल्हा बँकेत कॅशियर होते आणि चेकवर अक्षरी रक्कम लिहिली की पुढे ‘फक्त’ लिहून त्याला लांब शेपटी काढल्याशिवाय त्यांचा हात कागदावरून उठत नसे. आम्हा बहिणींना त्यांनी ते इतकं घोटवून घेतलं होतं की शाळेच्या सहलीच्या वर्गणीच्या पाकिटावरसुद्धा आम्ही ‘पन्नास रुपये फक्त’ लिहायचो. तर मी प्रिस्क्रिप्शनवर शेवटचं औषध लिहिलं, की हात आपोआप खाली जाऊन मराठीत लिहायचा, ‘फक्त’. मग लांब रेघ, मग सही. पहिले कितीतरी दिवस आपण असं काही करतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आणून दिलं शेजारच्या गावातल्या फार्मासिस्ट बाईंनी. एकदा त्यांचा फोन आला. आवाज फार काळजीतला.

"डॉक्टर, तुमच्या सगळ्या पेशंट्सना तुम्ही एक औषध देताय, ते आमच्या कंप्यूटरवर सापडत नाहीये. अँटिबायोटिकच्या खाली आहे बघा. एक आडवी दोरी आणि त्यावर मोजे वाळत घातल्यासारखं काहीतरी."

मला हसू आवरेना. मी त्यांना समजावून सांगितलं, की हे औषध नाही, ही आमच्याकडची पद्धत आहे, याचा अर्थ एवढंच; याच्यापुढे काही नाही. त्याही खूप हसल्या. "ग्रँड," म्हणाल्या, इथे ‘छान, ठीक आहे’ला ग्रँड म्हणतात, "म्हणजे त्या मोज्यांच्या खाली काही दिसलं तर ते तुमचं नाही." मी म्हटलं, अगदी बरोबर. त्यांनी म्हणे ते काउंटरमागच्या सगळ्यांना सांगून ठेवलं. मी घरी येऊन बाबांना फोन केला. तुमचं ‘फक्त’ आयर्लंडमध्ये चालू झालं म्हटल्यावर ते इतके खूश झाले, की दुसऱ्या दिवशी सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटले.

तेव्हा जवळच्या ल्यूकनला आमच्या ओळखीत कुणाकडे ना कुणाकडे जेवणं चालूच असायची. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे, आयटीतले. मी कार्डवाल्यांचं काम करते हे कळल्यावर एकाने श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून संपवत मला ऐकवलं, "अगं, ते बसून खाणारे लोक यार. आपला अर्धा पगार टॅक्समध्ये जातो, आणि यांचे दात आपण भरायचे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. स्वतःच्या आईच्या मोतीबिंदूसाठी तिकडे भारतात सरकारी योजनेत नाव लागावं म्हणून हाच मनुष्य महिनाभर फोन फिरवत होता. मी माझी वाटी तशीच बाजूला सरकवली.

माझ्या कार्डवाल्यांत एक बाई होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, फार्मसीवाल्या त्या शेजारच्या गावच्याच, शाळेच्या कँटीनमधून रिटायर झालेल्या. जिभेला धार. पहिल्यांदा आल्या तेव्हा प्लॅस्टिकची खुर्ची उचलून सरळ सोफ्याशेजारी नेऊन बसल्या होत्या, आणि दात पांढरे करायला आलेल्या एका तरुणाला म्हणाल्या होत्या, "घाबरू नकोस, माझी कीड उडून येत नाही." बसचा ड्रायव्हर, गावचा पाद्री, टीव्हीवरचे मंत्री, कुणाचीही त्या गय करत नसत. मला त्या फार आवडायच्या. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. पण माझ्या मनात त्या पहिल्या दिवसापासून अहो-जाहो होत्या आणि बॉस अरे-तुरे होता.

एका शुक्रवारी दुपारी त्या आल्या त्या गाल धरून. खालच्या दाढेखाली गळू झालं होतं. मी दाढ उघडून पू काढला आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. त्यांना दम्यासारखा श्वासाचा जुना त्रास आहे, त्यांच्या फाइलवर तो लाल अक्षरात लिहिलेला होता, म्हणून दुखण्यासाठी मी साध्या पॅरासिटामॉलवर भागवायचं ठरवलं. ते घरी असतं सगळ्यांच्या, त्यामुळे कागदावर एकच औषध. खाली ‘फक्त’, लांब रेघ, सही. त्या गेल्या आणि मी पुढच्या पेशंटला, एका रडणाऱ्या लहान मुलीला, खुर्चीत घेतलं.

तासाभराने मी बाहेर आले तर रिसेप्शनवरची मुलगी डोळे विस्फारून बसली होती. "तुझ्या त्या म्हाताऱ्या बाईने काय केलं माहितीये? प्रिस्क्रिप्शनवर स्वतःच कोडीनच्या गोळ्या लिहिल्या! फार्मसीतून फोन आला होता. तू आत होतीस म्हणून आपल्या साहेबाने घेतला. त्याने सांगितलं, आमच्याकडून असं काही लिहिलेलं नाही. फार्मसीवाल्या बाई आता गार्ड्सना कळवणार आहेत." गार्ड्स म्हणजे इथले पोलीस. मुलगी घाबरली होती, पण तिला थोडी मजाही येत होती.

फार्मासिस्ट बाईंनी त्या पानाचा फोटो पाठवला होता. माझं औषध, माझं ‘फक्त’, माझी रेघ. आणि रेघेच्या खाली, माझ्या सहीच्या बाजूच्या चिंचोळ्या जागेत, काळ्या शाईत कोडीन, अफूच्या जातीचं, श्वास मंदावणारं, नशेसाठीही मागितलं जाणारं औषध. ते अक्षर मी ओळखलं. फ्रिजमधल्या दुधाच्या डब्यांवर, प्रिंटरवर, टॉयलेटच्या साबणावरसुद्धा बॉसच्या ज्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या त्यांच्यावरचं ते अक्षर होतं. त्या बाईंनी काहीही केलं नव्हतं. आणि तिकडे, ज्या गावात त्या जन्मभर राहिल्या, तिथल्या एकुलत्या एका औषधाच्या दुकानात चोर म्हणून उभ्या होत्या, आणि त्या चोर ठरल्या होत्या माझ्या ‘फक्त’मुळे. मीच सांगून ठेवलं होतं ना, त्याच्या खाली काही दिसलं तर ते माझं नाही.

बॉस किचनमध्ये होता. कोट अंगात, निघायच्या तयारीत, उभ्या उभ्या क्रिस्प्स, म्हणजे बटाट्याचे वेफर्स, खात होता. मी फोन त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, "हे तू लिहिलंस?"

त्याने नाकारलंसुद्धा नाही. बोटाला लागलेलं मीठ चाटत म्हणाला, "अगं हो. जाता जाता परत आली होती ती, खूप दुखतंय म्हणाली. तू आत होतीस. म्हटलं, देऊन टाकू थोड्या. चांगुलपणा केला."

"माझ्या सहीशेजारी? फाइल बघितलीस तिची?"

"शुक्रवार आहे आज," तो म्हणाला.

"मग फोनवर ‘नाही’ का म्हणालास?"

यावर त्याने खांदे उडवले. दुसऱ्याच्या पॅडवर लिहिलं म्हटल्यावर चौकशी लागली असती, कागदपत्रं, उत्तरं, सगळा वैताग. शिवाय गार्ड्स काय करणार आहेत? दम देतील आणि सोडतील. "या लोकांना सवय असते," तो म्हणाला, आणि पाकीट तोंडाशी उपडं करून तळाचा चुरा तोंडात ओतला.

तेव्हा मला खरोखर मळमळलं. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, सिंकला धरून उभी राहिले. त्याला ते दिसलं आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकून टाकला. मग त्याने अगदी गोड आवाजात तोडगा सुचवला: मीच फोन करून सांगायचं की ती ओळ माझीच, सही करायची राहून गेली. पॅड तुझंच आहे ना, म्हणाला. बाई सुटेल, तो नामानिराळा राहील, आणि बिल फाटलं तर माझ्या नावावर फाटेल. "इट विल बी ग्रँड." या देशात आल्यापासून ग्रँड हा शब्द मी हजारदा ऐकला असेन आणि मला तो आवडायचासुद्धा. त्या दिवसापासून कुणी म्हटला की कुजल्यासारखा वास येतो.

मी त्याच्यासमोरच फार्मसीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बाईंना सांगितलं, "खालची ओळ माझी नाही. आणि पेशंटचीही नाही. माझ्या बॉसने लिहिली आहे, तो इथे समोर उभा आहे." मग फोन त्याच्याकडे वळवला.

त्याने एक क्षण माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तो खोटं बोलेल आणि मग या बाई कुणावर विश्वास ठेवतील? पण तो हसला. मोठ्याने, मोकळेपणी, पबमध्ये हसतात तसा. "अरे देवा, मीच की काय तो? माझ्या लक्षातच राहिलं नाही बघा! वय झालं माझं!" आणि पलीकडून त्या फार्मासिस्ट बाईसुद्धा हसल्या. "शुक्रवारी दुपारी आम्हालाही नावं आठवत नाहीत. काही हरकत नाही, यू आर ग्रँड." संपलं. ज्या ओळीसाठी एका म्हाताऱ्या बाईवर पोलीस येणार होते, ती त्याची आहे म्हटल्यावर तिचा विनोद झाला होता. मी फोन घेऊन कोडीनची ओळ रद्द करायला सांगितली आणि विचारलं, माझी पेशंट कुठे आहे? "बाहेर गेली असेल," बाई म्हणाल्या. "फार आवाज चढवत होती, काउंटरवर बाकीचे लोक होते."

त्या नोकरीचा मी पुढच्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि झाला प्रकार संबंधित ऑफिसला सविस्तर लिहून कळवला. पोच आली. पुढे कधीतरी रिसेप्शनवरच्या मुलीकडून कळलं, की युअर मॅनने, म्हणजे इथल्या बोलीत ‘त्या माणसाने’, दोन-चार दिवस तोंड वाकडं केलं आणि मग किचनच्या प्रेसला नवं, मोठं कुलूप बसवून घेतलं. क्लिनिक जोरात चालू आहे. ल्यूकनच्या एका जेवणात मी हे सगळं सांगितलं तर तो श्रीखंडवाला म्हणाला, "पण तुझा जॉब गेला ना त्यात?"

त्या शुक्रवारी मात्र मी उरलेले पेशंट पुढे ढकलले, नवं प्रिस्क्रिप्शन लिहिलं आणि गाडी काढली. फार्मसीत त्या नव्हत्या. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता काचेबाहेर बोट दाखवलं. रस्त्याच्या पलीकडे बसचा थांबा होता, तिथे त्या बसल्या होत्या. दवाखान्यात यायचं म्हणून घातलेला निळा कोट, गाल मघाशीपेक्षा जास्त सुजलेला. मला बघून त्या उठल्या नाहीत, बाकावरची पर्स उचलून त्यांनी मला जागा करून दिली. मी शेजारी बसले.

"गार्ड्स येतायत का?" त्यांनी विचारलं.

"नाही. कुणी येणार नाही. ते माझ्या बॉसने लिहिलं होतं. त्याने आत्ता फोनवर कबूल केलं."

"त्या उंच माणसाने," त्या म्हणाल्या. "हो. त्यानेच लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं. मी सांगितलं आत सगळ्यांना."

"मग?"

"ती म्हणाली, क्लिनिकमधून डॉक्टर स्वतः नाही म्हणतायत." त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. "डॉक्टर कशाला खोटं बोलेल? इथे बसून मी तोच विचार करत होते. मला आठवतंय तो पेन काढताना. पण दुखत किती होतं, डॉक्टर. डोकं जागेवर नव्हतं. आणि पेन तर माझ्याही पर्समध्ये असतो."

मी म्हटलं, "अहो, काहीतरीच काय?"

त्यांनी कोटाच्या खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. दुधाब्रेडची जुनी पावती होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, वरून खालपर्यंत, थरथरत्या निळ्या अक्षरात त्यांनी एकाखाली एक तेच लिहिलं होतं: कोडीन, कोडीन, कोडीन. कधी मोठं, कधी बारीक, कधी डॉक्टर लिहितात तसं भराभर.

"तुम्ही बघा ना नीट," त्या म्हणाल्या. "माझं अक्षर नाही ना ते?"